जुन्या बाजारातले अनोळखी लोक आणि मी त्यांना चिकटवलेल्या गोष्टी

पेठकरीण | रविवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. आठ वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात (पुण्याबाहेरच्यांसाठी: बुधवार आणि रविवार) मी आधी पितळी अडकित्ते बघायला जायचे. दोन वर्षांपूर्वी एका पथारीवर फ्रेमांची चळत दिसली. सागवानी, कोपऱ्यांना नक्षी. भाव विचारला तर म्हणे, "तीनशेला एक. काच चांगलीये." मी म्हटलं, आतला फोटो? "तो असू द्या की. नको असेल तर काढून देतो." म्हणजे पैसे लाकडाचे, आजोबा फुकट.

त्या दिवशी पाच फ्रेमा आणल्या. नंतर फ्रेमा बंद, नुसते फोटोच आणायला लागले. आता बुटांच्या दोन खोक्यांत मिळून शंभरेक अनोळखी माणसं आमच्याकडे राहतात. नवरा म्हणतो, एवढे पाहुणे कुणाकडे नसतील. बहुतेक जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले कॅबिनेट कार्ड आहेत, साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंच. नावं नाहीत, गाव नाही, फार तर खाली स्टुडिओचा उठावदार शिक्का.

एका रात्री झोप येईना म्हणून एकाचा प्रिंट काढला आणि त्यावर रंगवत बसले. ते व्यसन लागलं. तीन चित्रं इथे डकवते आहे.

पहिलं: पुणेरी पगडी, उपरणं, ओठ झाकणाऱ्या मिशा, एक हात जाड पुस्तकावर. चेहरा असा की आत्ता कुणाला तरी नापास करील. मी त्यांच्या पगडीच्या कोकीत चिमणीचं घरटं काढलं आणि तीन उघड्या चोची. पिल्लं जागी होतील म्हणून हा माणूस शंभर वर्षं हललेला नाही.

दुसरं: चार भाऊ, एकाच ताग्यातले कोट. सगळ्यात धाकटा फोटो काढताना हलला, त्यामुळे त्याचा चेहरा म्हणजे नुसता पांढुरका ढग. मागे स्टुडिओचा पडदा, त्यावर तळं आणि लांबवर एक होडी. मी त्या होडीत तोच मुलगा काढला, वल्हं मारताना. पुढे उभा आहे तो त्याचा धूर. तिघा मोठ्यांना अजून पत्ता नाही.

तिसरं माझं सगळ्यात आवडतं: पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी आहे, शेजारी रिकामी खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर तिचा हात. पदर पुढे ओढलेला आणि नेमकी कपाळावर कसर लागून कागद खाल्लेला. विधवा असणार. त्या घरात तिच्याशी कोण काय बोलत असेल? मी खुर्चीत एक बगळा बसवला. चष्मा लावलेला, मान तिरकी करून ऐकणारा. बगळ्याला सगळं सांगता येतं, तो तळ्यावर जाऊन कुणाला बोलत नाही.

कसं वाटतंय सांगा. आणि कुणी असं काही करत असेल तर गप्पा मारू.

खडीसाखर | रविवार, रात्री ९.३०

फोटो दिसत नाहीयेत.

पेठकरीण | रविवार, रात्री ९.४१

परत चढवले. आता?

खडीसाखर | रविवार, रात्री ९.४४

दिसले! पगडीवाले आजोबा!! ऑफिसात असते तर मोठ्याने हसले असते. घरी आहे म्हणून मोठ्याने हसले.

बोरूबहाद्दर | रविवार, रात्री १०.०५

झकास धागा. एक सुचवणी: पहिल्या चित्रात चिमणीण कुठाय? चारा आणायला गेली असं समजतो, पण उपरण्यावर एखादी काडी पडलेली दाखवा ना. घरटं बांधताना चिमण्या निम्मा माल खाली पाडतात. आमच्या ट्यूबलाइटच्या पट्टीवर दर वर्षी बांधायच्या, खाली झाडून झाडून आईचा जीव जायचा.

पेठकरीण | रविवार, रात्री १०.११

काडी पाडली म्हणून समजा.

डेक्कनक्वीन | रविवार, रात्री १०.२०

एआयला सांगितलंत तर दोन सेकंदांत बगळा बसवून देईल. इतका खटाटोप कशाला?

पेठकरीण | रविवार, रात्री १०.३३

दोन सेकंदांत बसला असता तर मला त्या बाईकडे दोनच सेकंद बघावं लागलं असतं. बगळ्याला चार संध्याकाळी लागल्या. तेवढ्यात कळलं की तिच्या उजव्या हाताच्या करंगळीचं नख मोडलेलं आहे.

सडेतोड | सोमवार, सकाळी ७.५०

सगळे कौतुक करताहेत, मला पटलेलं नाही. ही कुणाची तरी माणसं आहेत. आमच्या पणजोबांचा फोटो वाडा पाडताना गहाळ झाला. तो कुणा पेठकरणीच्या बुटाच्या खोक्यात असेल आणि त्यांच्या पगडीत ती चिमण्या घालत असेल, या कल्पनेने मला सकाळी चहा गेला नाही. त्या माणसाने दिवसभराची मजुरी देऊन, इस्त्रीचं उपरणं घालून फोटो काढला, तो चेष्टा व्हावी म्हणून नाही. आणि "विधवा असणार" हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मेलेला माणूस आक्षेप घेऊ शकत नाही, एवढाच याचा अर्थ.

खडीसाखर | सोमवार, सकाळी ८.१५

बापरे. सोमवार सुरू झाला.

बोरूबहाद्दर | सोमवार, सकाळी ९.०२

सडेतोड, चेष्टा कुठे दिसली तुम्हाला? शेपूट काढलं असतं, गाढवाचे कान काढले असते तर तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो. पिल्लांसाठी शंभर वर्षं न हलणारा पणजोबा मला कुणी दिला तर मी दिवाणखान्यात लावीन.

सडेतोड | सोमवार, सकाळी ९.१०

तुमचे नाहीत ना ते. म्हणून लावाल.

पेठकरीण | सोमवार, दुपारी १.२०

सडेतोड, तुमचा राग समजतो. दोन गोष्टी सांगते. मूळ फोटोला मी ब्रश लावत नाही. स्कॅन करते, प्रिंटवर रंगवते, मूळ परत खोक्यात. दुसरं, कुणी ओळखलाच तर मूळ फोटो देऊन टाकीन, पैसे न घेता. तुमच्या पणजोबांची काही खूण? म्हणजे मी खोकी बघते.

चेष्टेबद्दल: मी सुरुवातीला एका रावसाहेबांना खरंच शेपूट काढलं होतं. दोन दिवस भिंतीवर होतं. मग मीच उतरवलं, नजर द्यायला लाज वाटली.

अॅडव्होकेट_गुळपोळी | सोमवार, दुपारी २.०५

कायद्याचं थोडं, कारण कुणीतरी विचारणारच. बाजारातून फोटो विकत घेतला म्हणजे कागद तुमचा झाला, कॉपीराइट नाही. तो मुळात छायाचित्रकाराचा, आणि पैसे देऊन काढवून घेतलेला असेल तर १९५७ च्या कायद्यात सर्वसाधारणपणे काढवून घेणाऱ्याचा. मुदत पूर्वी फोटो प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं मोजत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. पेठकरीण यांचे फोटो पोशाखावरून शंभरीच्या आसपासचे दिसतात, घरच्या भिंतीसाठी झोप उडवून घेऊ नये. विकायला काढले तर मात्र १९६०-७० च्या दशकांतले फोटो टाळा. त्यांतली माणसं अजून पेन्शन घेत असतील.

शिकागोची_सई | सोमवार, रात्री ८.४८

कामावर जायच्या आधी वाचते आहे. पेठकरीण, तुमची खापरपणजी सापडली आहे, इंग्लंडात!

२००९ साली इथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये व्हिक्टोरियन काळातल्या बायकांच्या आल्बमांचं प्रदर्शन होतं. माझी मुलगी तेव्हा बाबागाडीत होती, तिला झोपवायला म्हणून आत शिरले आणि दोन तास बाहेर आले नाही. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने छोट्या व्हिजिटिंग कार्डाएवढ्या फोटोंचं पेटंट घेतलं. अडीच बाय चार इंचांचं कार्ड, एकाच प्लेटवर अनेक फोटो, म्हणून स्वस्त. लोक एकमेकांना वाटत सुटले, घरोघर ढीग झाले. मग खानदानी घरांतल्या बायकांनी काय करावं? कात्री घेतली, नातेवाइकांची मुंडकी कापली आणि जलरंगात रंगवलेल्या चित्रांवर चिकटवली. कुणी पंख्याच्या पाकळीवर, कुणी कोळ्याच्या जाळ्यात. केट गॉफ नावाच्या बाईंच्या आल्बममध्ये (१८७० चं दशक, मूळ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे) तळ्यात बदकं पोहताहेत आणि बदकांना माणसांची तोंडं. जावा, नणंदा कोण जाणे कोण, पण चेहरे अगदी "आम्ही चहाला आलो आहोत" असे गंभीर.

सडेतोड, यात एक मेख आहे. त्या बायका स्वतःच्याच माणसांशी हे करत होत्या. तुमच्या मुद्द्याला उत्तर नाही हे, पण चिमणीच्या घरट्यापेक्षा त्या कितीतरी निर्दय होत्या.

घाटमाथा | सोमवार, रात्री ९.३०

इंग्लंडात कशाला जाता? नाथद्वाऱ्याची मनोरथ चित्रं बघा. श्रीनाथजी मधे, दोन्ही बाजूंना यात्रेला आलेलं कुटुंब हात जोडून. कपडे, दागिने, गाई, कमळं सगळं चिताऱ्याने रंगवलेलं आणि चेहरे मात्र फोटो कापून चिकटवलेले. वर इतकं बेमालूम रंगकाम की सांधा सापडत नाही. मुंबईत भुलेश्वरला एका भाटिया शेठच्या घरी पाहिलंय मी. यजमान म्हणाले, यातल्या आजी नाथद्वाऱ्याला कधी गेल्याच नव्हत्या, पाय अधू होते. फोटो पाठवला, आजी पोचल्या.

उदयपूरला राजेश सोनी अजून हाताने फोटो रंगवतात. त्यांचे आजोबा मेवाड दरबारासाठी हेच काम करायचे. वास्वो नावाचे अमेरिकन छायाचित्रकार तिथे स्थायिक झालेत. ते स्टुडिओत पडदा लावून जुन्या धर्तीचे फोटो काढतात आणि सोनी रंगवतात.

गूढरम्य | सोमवार, रात्री ९.५५

यावरून कॉटिंग्लीच्या पऱ्या आठवल्या. १९१७, इंग्लंड. सोळा आणि नऊ वर्षांच्या दोन मावसबहिणींनी कागदी पऱ्या कापल्या, टोपीच्या पिनांनी गवतात उभ्या केल्या आणि फोटो काढले. शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या कॉनन डॉइलसारख्या माणसाने ते खरे मानून १९२० मध्ये छापले. पोरींना खरं सांगायची लाज वाटली, ती १९८३ पर्यंत! पेठकरीण, तुमच्या बगळ्याला चष्मा आहे ते बरं आहे. कुणी खरा मानणार नाही.

अप्पा_रिटचर | सोमवार, रात्री ११.४०

सातारहून अप्पा. माझे आजोबा फोटो टचिंगचं काम करायचे, वडलांनीही थोडंफार केलं, मी फ्लेक्स छापतो. धागा दोनदा वाचला. जरा लांबण लावतो, माफी.

आधी कामाचं. पेठकरीण, तुमच्या होडीच्या चित्रात रंग थेंबाथेंबाने गोळा झालाय, कडेला शाई पसरलीय. घरच्या साध्या प्रिंटरची डाय शाई असणार, पाणी लागलं की ती फुटते. पिगमेंट शाईचा प्रिंट काढा, मॅट कागदावर, जाड, सुती असेल तर उत्तम. चकचकीत फोटोपेपरवर पोस्टर कलर धरत नाही, वाळला की पापुद्रा सुटतो.

मूळ फोटोला ब्रश लावत नाही म्हणालात ते फार चांगलं. भिंग घेऊन बघा. कागदाचे धागे स्पष्ट दिसत असतील, रंग पिवळट चॉकलेटी असेल, तर तो अंड्याच्या पांढऱ्यातला, अल्ब्युमेन. धागे दिसत नसतील आणि काळ्या भागाच्या कडेला तिरकं धरल्यावर निळसर चांदीसारखी झाक मारत असेल तर जिलेटिनचा. जिलेटिन पाण्याने फुगतं. म्हणूनच पावसाळ्यात फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतो आणि ओढला की नाक काचेला राहतं. चिकटलेला कुणी ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. कसरही त्या जिलेटिनसाठी आणि खळीसाठीच येते.

आजोबांकडे फोटो कलरच्या छोट्या बाटल्या असायच्या, पुढे कॅमलच्याही आल्या. तो रंग वर बसत नाही, जिलेटिनमध्ये मुरतो. चुकला की चुकला. म्हणून आजोबा ब्रश आधी जिभेवर, मग नखावर, मग फोटोवर. जीभ कायम गुलाबी.

आता सडेतोडसाहेबांसाठी. तुम्हाला वाटतं फोटो म्हणजे तो माणूस जसा होता तसा, आणि पेठकरीणताई आता त्यात खोटं घालताहेत. आमचं घर त्या खोट्यावर चाललं. काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके द्यायचे. निगेटिव्हवर पेन्सिल लागली की छापात ती जागा उजळते. देवीचे वण असे गायब करायचे. आजोबा म्हणायचे, मी डॉक्टरपेक्षा जास्त देवी बऱ्या केल्या. कोट नसलेल्याला कोट, बोडक्याला पागोटं, सूट हवा तर सूट. मेलेल्या माणसाचा एकच फोटो असायचा, तोही डोळे मिटलेला, त्याचे डोळे उघडायचे. कुणाचे? घरातल्या थोरल्या मुलाला समोर बसवून त्याचे बघून काढायचे. नवरा मुंबईला गिरणीत, बायको गावी, दोघांचा वेगवेगळा फोटो, त्यांना शेजारी बसवायचं. काही जोडपी आमच्या आजोबांच्या टेबलावरच तेवढी एकत्र बसली.

मागचा पडदा तर उघडच खोटा. तळं, राजवाड्याचा जिना. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटरांसारखी माणसं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होती तोच तो काळ, तीच नजर. मुलगा होडीत बसून गेला हे पेठकरीणताईंनी आज काढलं, पण होडी तिथे कुणीतरी आधीच ठेवली होती.

खडीसाखर | सोमवार, रात्री ११.५८

अप्पा, तुम्ही वेगळा धागा काढा. आज्ञा समजा.

बोरूबहाद्दर | मंगळवार, सकाळी ६.३५

+१. "काही जोडपी टेबलावरच तेवढी एकत्र बसली" वाचून थांबलो.

सडेतोड | मंगळवार, सकाळी ८.२०

अप्पा, मुद्दा पोचला. पण एक फरक राहतोच. तुमच्या आजोबांकडे घरचे लोक सांगायला यायचे, असं करा, तसं करा. पेठकरणीला कोणी सांगितलं?

अप्पा_रिटचर | मंगळवार, दुपारी ३.१५

बरोबर आहे. आम्ही सांगकामे होतो.

आणि काल एक लिहायचं राहिलं. पेठकरीणताई, तुमच्या तिसऱ्या चित्रातल्या बाईचं लुगडं पांढरं नसावं.

जुन्या काचेच्या प्लेटीला निळा उजेड तेवढा नीट कळायचा. तांबडा कळतच नसे, म्हणून तर डार्करूममध्ये तांबडा दिवा चालायचा. सगळे रंग पकडणाऱ्या प्लेटी १९०६ च्या सुमाराला बाजारात आल्या, पण गावोगावचे स्टुडिओ जुन्याच प्लेटी वापरत राहिले. त्यामुळे झालं असं: निळं फिकट येतं, कधी कधी पांढरंच. तांबडं काळं येतं. कुंकू तर कुळकुळीत काळं, जुन्या फोटोंत बघा, सगळ्या बायकांनी बुक्का लावलाय असं वाटतं. आपली सावळी माणसं आणखी काळी यायची, मग पावडर थापायची.

आता विधवेचा विचार करा. ब्राह्मणाघरची असेल तर आलवण, आणि ते पुष्कळदा तांबडं. तांबडं असतं तर फोटोत गडद आलं असतं. पांढरं असूही शकतं, नाही म्हणत नाही. पण तुमच्या फोटोत काठ काळाभोर आहे. पांढऱ्या आलवणाला असला ठसठशीत काठ कुठला? माझ्या मते निळं लुगडं, तांबडा काठ. कपाळ कसरीने खाल्लंय, तिथे काय होतं ते कसरीला माहीत. बांगड्या बघा.

पेठकरीण | मंगळवार, रात्री ७.०२

ऑफिसातून येऊन तडक खोकं काढलं. डावा हात पदराखाली आहे. उजव्या मनगटापाशी काळ्या रेघा आहेत, तीन किंवा चार. मी इतके दिवस त्या पुठ्ठ्याच्या चिरा समजत होते.

खडीसाखर | मंगळवार, रात्री ७.०९

अगं बाई. बगळ्याला काय सांगत असेल मग ती?

डेक्कनक्वीन | मंगळवार, रात्री ७.३०

मी गंमत म्हणून हा फोटो रंग भरणाऱ्या अॅपमध्ये टाकला. लुगडं पांढरं, काठ काळा, मागचा पडदा तपकिरी. म्हणजे त्यालाही अप्पांचे आजोबा भेटले नाहीत. दोन सेकंदवालं विधान मागे घेतो.

पेठकरीण | मंगळवार, रात्री ७.४८

मला चांगलंच ओशाळल्यासारखं झालंय. मी तिला सांगते आहे की तुझा नवरा मेला, तुझ्याशी कुणी बोलत नाही, आणि वर बगळा देऊन उपकारही करते आहे. सडेतोड, तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतंत.

अजून एक. पुठ्ठ्याच्या मागे पेन्सिलीच्या पुसट खुणा आहेत, मी त्या गिरगटा समजून सोडून दिल्या होत्या. मघाशी दिव्याखाली तिरकं धरून पाहिलं तर ओळी आहेत. वर सलग रेघ मारलेली आणि खाली लोंबणारी अक्षरं. मोडी आहे का? कुणाला येते?

घाटमाथा | मंगळवार, रात्री ८.१०

मोठा स्कॅन टाका, उजेड एका बाजूने. मला दप्तरखान्यातली शाईची मोडी येते, पेन्सिलीची कधी वाचली नाही. प्रयत्न करतो.

घाटमाथा | मंगळवार, रात्री १०.५५

अडीच तास गेले, बायको रागावली, पण चार ओळींतल्या साडेतीन लागल्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं आणि हे घाईत लिहिलेलं आहे, तेव्हा थोडी सूट द्या.

लुगडे निळे
काठ तांबडा चोळी हिरवी
कुंकू ठळक घालणे
खुर्चीवर बसव…

चौथ्या ओळीचा पुढचा भाग कसरीने खाल्लाय. "बसवणे" असावं. त्याच्या आधी कुणाचं तरी नाव किंवा नातं हवं होतं, ते नाही. पुढे असेल तर ते गेलं.

अप्पा_रिटचर | मंगळवार, रात्री ११.०३

हातातलं काम टाकून लिहितोय. ही ऑर्डर आहे हो! दुकानात गिऱ्हाईक रंग सांगायचं, मालक मागे लिहून ठेवायचा आणि फोटो रंगवायला पाठवायचा. आजोबांच्या ट्रंकेत असे कितीतरी पुठ्ठे होते, "टोपी काळी, उपरणे जरी". तुमच्याकडची प्रत रंगवायची राहून गेलेली, किंवा दुसऱ्या प्रतीवर काम झालं आणि ही नमुन्याची उरली.

आणि हात बघा तिचा. रिकाम्या खुर्चीवर कुणी असा हात ठेवत नाही, बसलेल्या माणसाच्या खांद्याला जागा सोडून ठेवलाय. तिला तसं उभं केलं होतं.

खडीसाखर | मंगळवार, रात्री ११.१०

मूल असेल का? गेलेलं?

अॅडव्होकेट_गुळपोळी | मंगळवार, रात्री ११.१५

किंवा नवरा, मुंबईला असलेला. अप्पांनीच सांगितलं की.

बोरूबहाद्दर | मंगळवार, रात्री ११.१८

किंवा सासू. ती फोटोला यायला नको म्हणाली आणि नंतर रुसली.

गूढरम्य | मंगळवार, रात्री ११.२०

बोरूबहाद्दर, सगळ्या शक्यतांत ही सगळ्यात खरी वाटते.

सडेतोड | बुधवार, सकाळी ७.१५

रात्री वाचलं, झोप लागली नाही. म्हणजे कुणीतरी पैसे देऊन सांगितलं होतं की या खुर्चीत अमक्याला बसवा, आणि शंभर वर्षांनी पेठकरीण यांनी, न सांगता, कुणालातरी बसवलं. माझा आक्षेप मी मागे घेत नाही. पण बगळा राहू द्या असं मला वाटतंय आणि का ते नीट सांगता येत नाही.

पणजोबांची खूण विचारली होतीत. उजव्या कानाची पाळी फाटलेली, भिकबाळी ओढली गेली होती लहानपणी. आजी सांगायची.

पेठकरीण | बुधवार, रात्री ९.४०

सडेतोड, शंभराच्या शंभर कान तपासले. नाहीत. पण आता दर रविवारी आधी कान बघणार.

नवा प्रिंट काढला, अप्पांनी सांगितलेल्या कागदावर. ऑर्डर होती तशीच करणार आहे: कुंकू ठळक, काठ तांबडा, चोळी हिरवी. बगळा जुन्या चित्रात राहील, त्याला मी उठवत नाही. नव्या प्रिंटमध्ये खुर्ची तशीच ठेवते, ते नाव कसरीने खाल्लंय.

अडकले आहे ती पहिल्या ओळीवर. लुगडे निळे म्हणजे कुठलं निळं? माझ्याकडे कोबाल्ट आहे, अल्ट्रामरीन आहे, दोन्ही लावून पाहिले. एकात ती शाळेच्या गणवेशात दिसते, दुसऱ्यात नायलॉनच्या साडीत. त्या वेळचं, रोज नेसून धुतलेलं निळं कसं होतं हे कुणी पाहिलंय का?

अप्पा_रिटचर | बुधवार, रात्री १०.०२

नीळ म्हणजे खरी नीळ, झाडाची. ती निळी कमी आणि काळपट जास्त. धुऊन धुऊन राखाडी होत जाते, पण घडीच्या आत, जिथे ऊन लागत नाही तिथे मूळ रंग राहतो.

आमच्याकडे पणजीच्या लुगड्याची गोधडी आहे. वरून विटलीय, पण एक टाका सुटलाय आणि आतल्या पदरात हाताएवढा तुकडा अजून तसाच आहे. फोटोत तो रंग येणार नाही, मोबाइलने काढून पाहिला, जांभळा दिसतो. मी रविवारी पुण्यात येतोय, फ्लेक्सचं मशीन बघायला. गोधडी घेऊन येतो. पथारीवाला कुठल्या टोकाला बसतो तेवढं सांगा.

पेठकरीण | बुधवार, रात्री १०.०६

नदीच्या बाजूने आत या, कुलपांच्या ढिगाच्या पुढे. नऊच्या आत, नंतर ऊन होतं. मी रंगांची पेटी आणते.

खडीसाखर | बुधवार, रात्री १०.०७

मी पण येते. चहा माझ्याकडून. सडेतोड, तुम्हीही या, तुम्हाला कान बघायचेत.